शेवटचं वाक्य

दाराखालच्या फटीत त्याने पायाने काळं कापड सारलं, वरची खिट्टी लावली आणि अंदाजाने मागे सरकत स्टूल शोधलं. स्टुलावर आधीच कोणीतरी बसलेलं होतं.

"माझ्या मांडीवर बसू नका, सर," त्याची बायको म्हणाली. "दुसरं स्टूल डावीकडे आहे."

संस्थेत ती त्याला 'सर' म्हणायची, आणि ते अशा सुरात की घरातलं 'अहो' त्यापुढे अगदी लाडिक वाटावं. तो तिला 'मॅडम' म्हणायचा, पण दिवसातून दोनदा तरी 'अगं' निसटायचं. त्याने डावीकडचं स्टूल चाचपून घेतलं आणि बसला.

चोवीस कुंड्यांतली घेवड्याची रोपं त्या दोघांबरोबर अंधारात होती. पानाचं खरं काय चाललंय ते जाणून घ्यायचं तर आधी त्याला अर्धा तास अंधारात बसवावं लागतं. मग यंत्राने त्याच्यावर एक झगझगीत चमक टाकायची. पान त्यातला थोडा उजेड लालसर करून परत टाकतं आणि तो मोजून यंत्र एक आकडा सांगतं. मजेत असलेल्या पानाचा आकडा शून्य पूर्णांक त्र्याऐंशी शतांश; प्रयोगशाळेत नुसतंच 'त्र्याऐंशी' म्हणत. आकडा जितका खाली, तितकं पान त्रासलेलं. माणसांसाठी असं यंत्र अजून निघालं नव्हतं, आणि संस्थेच्या दृष्टीने ते बरंच होतं.

"किती झाली?" त्याने विचारलं.

"चार मिनिटं."

"मला वाटलं दहा."

"तुम्हाला अंधारात नेहमीच जास्त वाटतं."

ते खरं होतं. तो उजेड विभागाचा प्रमुख होता. झाडाला किती उजेड सोसतो आणि कितीपासून तो जाचायला लागतो, यावर त्याने उमेदीची वर्षं घालवली होती. ती तापमान विभागाची प्रमुख. त्याला सगळे 'उजेडसाहेब' म्हणत आणि तिला 'तापबाई'. त्यात आदर किती आणि अनुभव किती, हे कोणी फोड करून सांगितलं नव्हतं. प्रत्येक विभागात एक प्रमुख आणि एक कपाट. बाकीची माणसं निवृत्त होत गेली आणि त्यांच्या जागा कागदावर राहिल्या.

आता संचालकांनी ठरवलं होतं की दोन विभाग परवडत नाहीत. नवं मोठं काचघर एकच मिळणार आणि ते एकाच विभागाला मिळणार. दुसरा विभाग बंद, आणि त्याच्या प्रमुखाने दोन वर्षं उपकेंद्र सांभाळायचं. उपकेंद्र रेल्वेने एका दिवसाच्या वाटेवर होतं. तिथे एक खोली, एक पाऊसमापक आणि एक पहारेकरी होता, आणि पहारेकऱ्याला ऐकू कमी यायचं.

कोणी जायचं हे नवरा-बायकोमध्ये ठरवणं संचालकांना प्रशस्त वाटलं नाही. त्यांनी ते रोपांवर सोडलं. "ज्याच्या ताणाने रोपं जास्त खचतील, त्याचा विषय महत्त्वाचा," असं त्यांनी सांगितलं आणि न्याय केल्याच्या समाधानात ते जेवायला गेले.

म्हणून पत्र्याची चार कपाटं व्हरांड्यात ओळीने मांडली होती. पहिल्यात नेहमीची हवा, नेहमीचा उजेड. दुसऱ्यात त्याचे प्रखर दिवे. तिसऱ्यात तिची बेचाळीस अंशांची उष्णता. चौथ्यात दोन्ही. प्रत्येकात सहा कुंड्या, दहा दिवस. आज निकाल.

"तुला काय वाटतं?" त्याने अंधाराला विचारलं.

"रोपं सांगतील."

"रोपं सांगतीलच गं. मी तुला विचारतोय."

तिच्या बांगडीचा यंत्राला लागल्याचा बारीक आवाज आला.

"उपकेंद्रात थंडी असते म्हणे," ती म्हणाली. "तुम्ही गेलात तर तो तपकिरी स्वेटर न्या. मी गेले तर दूधवाल्याला अर्धा लिटरच सांगा. तुम्ही एक लिटर घ्याल आणि नासवाल."

त्याने मान हलवली. अंधारात ती दिसणार नाही हे लक्षात आल्यावर तो "बरं" म्हणाला.

त्याला आपण जिंकणार याची खात्री होती, आणि गेले दहा दिवस त्या खात्रीने त्याला नीट जेवण गेलं नव्हतं. हरणं त्याला आवडलं नसतं. पण जिंकून घरी जायचं आणि दारात तिच्या चपला नाहीत, या चित्रापाशी तो रोज एकदा अडखळायचा. हे तिला सांगायचं तर आपला विषय तिच्या विषयापुढे कमी आहे असं मान्य केल्यासारखं झालं असतं. तेवढी त्याची तयारी नव्हती.

अर्धा तास झाला. तिने मिणमिणता हिरवा दिवा लावला, जो पानांना जवळपास दिसत नाही आणि माणसांनाही फारसा नाही. ती एकेका पानाला यंत्र लावून आकडे सांगू लागली, तो लिहू लागला.

"पहिलं कपाट. त्र्याऐंशी. ब्याऐंशी. त्र्याऐंशी."

"पुढे."

"तुमचं. ब्याऐंशी. एक्याऐंशी. ब्याऐंशी."

त्याची पेन्सिल थांबली. "पुन्हा बघ."

तिने पुन्हा बघितलं. ब्याऐंशीच. तिच्या कपाटातली रोपं एक्याऐंशीवर होती. दोन्ही ताण एकदम सोसलेली चौथ्या कपाटातली रोपं ऐंशीवर, म्हणजे दुपारचं ऊन लागलेल्या कुठल्याही सुखवस्तू रोपाइतकी.

"दहा दिवस," तो म्हणाला. "दुपारच्या उन्हाहून तिखट दिवे."

"बेचाळीस अंश," ती म्हणाली.

"आणि यांना काही झालेलंच नाही."

"तुमचं व्होल्टेज पडत होतं ना?"

"तुझी झडप सैल होती ना?"

हा जुना विषय होता. गेले दहा दिवस रोज सकाळी त्याच्या दिव्यांचं बटण एक खूण खाली आलेलं दिसायचं आणि तो वीज विभागाला पत्र लिहायचा. वीजतंत्री तीनदा येऊन गेला. तिच्या कपाटाची हवेची झडप रोज सकाळी दोन बोटं उघडी मिळायची आणि ती सुताराला बोलवायची. सुतार दोनदा आला, झडप वीस वेळा उघड-बंद करून बघितली आणि म्हणाला, "बाई, ही माझ्या बापाने बसवलेली आहे, ही आपणहून उघडणार नाही." तिने ते वाक्य सुतारकीचा अहंकार म्हणून सोडून दिलं होतं.

दोघं कपाटं तपासायला व्हरांड्यात आली. बाहेरच्या उजेडाने दोघांचे डोळे मिचमिचले. तो पुढे चालत दिव्यांच्या शक्तीचं गणित सांगत होता. तिसऱ्या कपाटापाशी त्याचा उजवा हात वर गेला, झडप दोन बोटं सरकवली आणि परत खिशात गेला. गणित चालूच होतं.

"सर," ती म्हणाली.

"थांब, मी काय सांगतोय..."

"तुम्ही आत्ता काय केलंत?"

"बोलतोय."

"हाताने."

त्याने हात खिशातून काढून बघितला, जणू तो दुसऱ्याचा होता. मग झडपेकडे बघितलं.

"अहो," ती म्हणाली. संस्थेच्या आवारात तिने हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला.

तिच्या कपाटाला एक फिरतं नळकांडं होतं आणि त्यावरच्या कागदावर लेखणी तापमानाची रेघ काढत असे. तिने कागद उलगडला. रेघ रोज सकाळी बेचाळीसवर चढत होती आणि रोज अकरा वाजून दहा मिनिटांनी जिना उतरल्यासारखी खाली येत होती. चौथ्या कपाटाचा कागदही तेच सांगत होता. रविवारीसुद्धा, कारण रविवारीही दोघं रोपांना पाणी घालायला येत.

"अकरा-दहाला मी चहा आणायला जातो," तो म्हणाला.

"माहीत आहे मला. माझाही तुम्हीच आणता."

"मी मुद्दाम नाही केलेलं."

"मुद्दाम केलं असतंत तर एखादा दिवस विसरला असतात."

घरी हेच चालायचं. तिला खिडकी बंद लागायची, त्याचा जीव कोंडायचा. तो येता-जाता खिडकी दोन बोटं उघडायचा. त्याला सकाळी पडदा पूर्ण सरकवलेला हवा असायचा, उजेड तिच्या डोळ्यांत जायचा. यावर लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा मोठं भांडण झालं होतं आणि त्यानंतरची पंचवीस वर्षं कोणी एक शब्द काढला नव्हता. शब्दांचं काम हातांनी घेतलं होतं.

"म्हणजे सुतार बरोबर होता," ती म्हणत होती. "मी त्या माणसाला काय काय बोलले. आणि तुम्ही मला वर सांगत होतात की खिळा मारून घे. माझं अख्खं कपाट दहा दिवस..."

बोलता बोलता ती दुसऱ्या कपाटासमोर आली होती. काचेतून येणाऱ्या प्रखर झोताने तिने डोळे बारीक केले, आणि तिच्या डाव्या हाताने दिव्यांचं बटण एक खूण खाली आणलं.

वीज विभागाला लिहिलेली पत्रं त्याला आठवली, त्यातल्या एकात त्याने 'अक्षम्य' हा शब्द वापरला होता. तो फक्त तिच्या हाताकडे बघत राहिला. तिचं वाक्य हळूहळू बारीक होत संपलं.

"डोळ्यावर येतंय," ती म्हणाली.

"येणारच. पाच दिवे आहेत."

"रोज डबा घेऊन खिडकीपाशी जाताना... दीड वाजता."

"दीड वाजता," त्याने मान डोलावली. "वीजतंत्र्याला सांगायला हवं."

"तुम्ही सांगा. मी सुताराला सांगते."

नोंदवहीत तिने लिहिलं : 'प्रयोग रद्द. कारण : हात.' संचालकांनी ते वाचून आणखी दहा दिवस दिले. 'हात' म्हणजे मनुष्यबळाची कमतरता असावी, असा त्यांचा समज झाला आणि त्याबद्दल त्यांनी सहानुभूतीही दाखवली.

दुसऱ्या खेपेला तिने आपल्या दोन्ही झडपांवर कागद चिकटवला : 'हात लावू नये. हे सर्वांसाठी आहे, पण वाचायचं एकानेच.' त्याने आपल्या बटणांवर चिकटवलेल्या कागदावर नुसतंच 'मॅडम!' असं लिहिलं. तो हात पाठीशी बांधून तपासणीला आलेल्या साहेबासारखा व्हरांड्यातून जाऊ लागला. ती डबा दोन्ही हातांत धरून जायची.

पण हाताला एका ठिकाणी आवरायचं म्हटलं की तो सगळीकडेच आवरला जातो. घरी त्याने सकाळी पडदा उघडला आणि तो दिवसभर तसाच राहिला. तिने खिडकी लावली ती लागलेलीच राहिली. ती उशी डोळ्यावर घेऊन झोपायला लागली आणि तो पुढच्या खोलीत जाऊन खोल श्वास घेऊन परत यायचा. पाचव्या दिवशी तो चहात साखर विसरला, सहाव्या दिवशी ती त्यावरून रागावली, सातव्या दिवशी दोघं एका कात्रीवरून एकमेकांशी बोलेनाशी झाली. आठव्या दिवशी कात्री सापडली, ती त्याच्याच खणात होती. त्याने ती गुपचूप तिच्या खणात नेऊन ठेवली. घेवड्याचा आकडा रोज काढता येत होता. या दोघांचा कोणी काढला नाही.

दहाव्या दिवशी पुन्हा काळं कापड, खिट्टी, दोन स्टुलं. पंचविसाव्या मिनिटाला तो म्हणाला, "कात्री मीच ठेवली होती," आणि ती म्हणाली, "माहीत आहे." मग उरलेली पाच मिनिटं सुखाची गेली.

हिरवा दिवा लागला.

"पहिलं. त्र्याऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी." तिने यंत्र पुढच्या कुंडीला लावलं. "तुमचं. चौऱ्याहत्तर. चौऱ्याहत्तर. पंचाहत्तर."

"आणि तुझं?"

"सत्त्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर. सत्त्याहत्तर." तिने यंत्र पुसलं. "तीनने जिंकलात, सर."

"तीन म्हणजे काही फार नाही."

"नियमात 'फार' असं लिहिलेलं नाही. 'जास्त' लिहिलंय."

तो वहीकडे बघत राहिला. त्याला अर्धा लिटर दूध आठवलं. "चौथं तर बघ," तो म्हणाला.

चौथ्या कपाटातलं पहिलं पान एक्कावन्न निघालं. दुसरं एकोणपन्नास. ती थांबली आणि तिसरं न बघताच म्हणाली, "हे बघा की."

दोघंही वाकून उरलेल्या कुंड्यांचे आकडेही बघू लागली. हे काही नवल नव्हतं, पुस्तकांत होतं. पण पुस्तकात असणं वेगळं आणि सहाच्या सहा कुंड्यांत असणं वेगळं. नुसत्या उजेडाने पानातली यंत्रणा मोडते, पण पान ती तिथल्या तिथे दुरुस्त करत राहतं. नुसत्या उष्णतेत दुरुस्ती मंदावते, पण मोडलेलंच फारसं नसतं. दोन्ही एकदम आले की उजेड मोडत सुटतो आणि उष्णता दुरुस्ती होऊ देत नाही. तो हे तिला सांगत होता आणि ती हे त्याला सांगत होती, दोघं एकाच वेळी, आणि त्यांचा आवाज इतका चढला की बाहेरून शिपायाने दार ठोठावून सगळं ठीक आहे ना असं विचारलं.

"ठीक आहे," दोघं म्हणाली.

अहवाल लिहायला दुपार लागली. त्याने लिहायचं आणि तिने खोडायचं, ही पद्धत जुनीच होती. तक्त्यात आकडे होते तसेच मांडले, त्यात चौऱ्याहत्तर आणि सत्त्याहत्तरही होते. तिने त्यांतला एकही हलवला नाही, त्यानेही नाही. निष्कर्षाचं शेवटचं वाक्य त्याने जरा घोटून लिहिलं :

'उजेड व उष्णता एकत्र आल्यास कार्यक्षमता लक्षणीयरीत्या घटते.'

तिने चष्मा वर केला, ते वाचलं आणि वाक्यावर आडवी रेघ मारली. खाली आपल्या गोल अक्षरात लिहिलं :

'उजेड व उष्णता एकत्र आल्याशिवाय ठळक परिणाम दिसत नाही.'

"अगं, अर्थ तोच आहे," तो म्हणाला.

"तोच आहे ना?"

"तोच. पण माझं वाक्य थेट होतं. 'लक्षणीयरीत्या' चांगला शब्द आहे."

"अर्थ तोच असेल तर माझं राहू दे."

त्याने थोडी कुरकुर केली. नकारार्थी वाक्य शास्त्रीय लेखनात जड वाटतं, असं तो म्हणाला. ती कागद टाचणीने जोडत होती. शेवटी तिचंच राहिलं, आणि तसं दर वेळी होतं म्हणून त्याने ते फार मनावर घेतलं नाही.

संचालकांच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि त्यांच्यामध्ये एक कुंडी, तिच्यात प्लॅस्टिकचं झाड. वनस्पतींच्या संस्थेत एवढं एकच रोप कधी त्रासलेलं दिसत नसे. संचालकांनी अहवाल हातात घेतला, जाडी बघितली आणि सवयीने शेवटचं पान उघडलं. त्यांच्याकडे येणाऱ्या कुठल्याही कागदाचं हेच व्हायचं. सगळ्या संस्थेला ते ठाऊक होतं. लोक रजेच्या अर्जातसुद्धा महत्त्वाचं शेवटी लिहीत.

ते ओठ हलवत वाचू लागले. "उजेड व उष्णता... एकत्र आल्याशिवाय... ठळक परिणाम दिसत नाही." त्यांनी वर बघितलं. दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"हे मी तीन वर्षं सांगतोय," ते म्हणाले.

तो काही बोलायला गेला. तिच्या चपलेचं टोक त्याच्या बुटाला लागलं.

"या संस्थेत प्रत्येकाचं वेगळं दुकान," संचालक म्हणाले. "मला परिणाम हवे आहेत, परिणाम. आणि तुम्ही दोघांनी स्वतःहून लिहून दिलंत, एवढा मोठेपणा मी इथे पाहिला नाही. ठीक आहे. दोन्ही विभाग एकत्र. काचघर दोघांना मिळून. तुमची काही हरकत?"

"नाही, सर," ती म्हणाली.

"उजेडसाहेब?"

"अहवाल आपण पूर्ण वाचावा, अशी विनंती आहे," तो म्हणाला. "तक्ता चार नंबरच्या पानावर आहे."

"वाचेन की," संचालक म्हणाले आणि अहवाल डावीकडच्या गठ्ठ्यावर ठेवला. गठ्ठा खिडकीच्या चौकटीपर्यंत पोचला होता. "उपकेंद्राला बुरशी विभागातलं कोणीतरी पाठवतो. तिकडे ओल असते."

दोघं बाहेर पडली. व्हरांडा रिकामा होता. कपाटं बंद केलेली, दिवे विझलेले, रोपं बाहेर सावलीत काढून ठेवलेली. चौथ्या कपाटातल्या रोपांनाही सकाळपासून थोडा तजेला आला होता. दोन-तीन दिवसांत ती सत्तरीच्या पुढे जातील असा तिचा अंदाज होता, त्याचा पंच्याहत्तरचा होता.

तो हळू चालत होता. त्याचं खोडलेलं वाक्य त्याच्या डोक्यात संचालकांच्या आवाजात, ओठ हलवत, पुन्हा पुन्हा वाचलं जात होतं. 'एकत्र आल्यास कार्यक्षमता घटते.' त्याने रुमालाने कपाळ पुसलं.

"ते वाक्य," तो म्हणाला.

"कुठलं?"

"शेवटचं."

"त्याचं काय? चुकीचं आहे का?"

"नाही. बरोबर आहे."

"मग झालं तर," ती म्हणाली. "आकडे तुमच्याच वहीतले आहेत."

ती पर्समध्ये घराची किल्ली शोधत चालत राहिली. तिसऱ्या कपाटावरचा कागद एका कोपऱ्यातून सुटून लोंबत होता. त्याने तो काढला, नीट घडी करून खिशात ठेवला आणि थंड, रिकाम्या कपाटाची झडप दोन बोटं उघडली. तिने वळून बघितलं नाही. पुढे जाऊन दुसऱ्या कपाटापाशी, किल्ली शोधता शोधताच, तिने विझलेल्या दिव्यांचं बटण एक खूण खाली आणलं.